२,६२८ यार्ड : बॅरी सँडर्सचा १९८८ चा हंगाम आणि तो आकडा वाचायचा कसा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत एका हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम १९८८ पासून एकाच खेळाडूच्या नावावर आहे. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा बॅरी सँडर्स : ११ सामने, ३४४ धावा (क्रिकेटच्या नव्हेत; चेंडू घेऊन एकदा पळणं म्हणजे एक धाव), २,६२८ यार्ड, ३७ टचडाऊन. मीटरमध्ये धरलं तर हे अंतर जेमतेम २.४ किलोमीटर भरतं. एवढंसं अंतर कापायला अख्खा हंगाम का लागतो आणि तरी गेल्या साडेतीन दशकांत कुणाला ते का जमलं नाही, हे कळायला आधी एक यार्ड कसा मिळतो ते पाहावं लागतं. नुसता आकडा वाचणारे बहुतेक जण इथेच घाई करतात.

गरजेपुरते नियम

मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. दहा यार्ड पूर्ण झाले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. तीन प्रयत्नांत काम झालं नाही, तर चौथ्याला संघ बहुधा लाथ मारून चेंडू लांब पाठवून देतो; याला पंट म्हणतात.

म्हणजे दर प्रयत्नाला साडेतीन यार्ड मिळत राहिले तरी गाडी चालू राहते. म्हणूनच एका धावेमागे चार यार्ड ही कामचलाऊ सरासरी, पाच चांगली आणि सहा फार चांगली समजली जाते. सँडर्सची त्या हंगामाची सरासरी ७.६ होती, आणि तीही शंभरेक धावांवर नव्हे, ३४४ धावांवर.

मोजणीत दोन-तीन बारकावे आहेत. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, चेंडू हातात घेतो तो रेषेच्या पाच-सात यार्ड मागे. तिथून रेषेपर्यंत तो जे धावला ते धरत नाहीत; मोजणी डाव जिथून सुरू झाला त्या रेषेपासून. आडवं कितीही पळा, शून्य. रेषेच्या मागेच पाडला गेला तर तेवढे यार्ड वजा. आकडा नेहमी पूर्ण यार्डांत लिहितात, अपूर्णांक नाही. आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या किंवा पास फेकणाऱ्या खेळाडूने, चेंडू हातात न देता दोन फूट पुढे जरी टाकला, तरी नोंद धावेची नाही, झेलाची होते. आजच्या खेळात असे टोलवलेले चेंडू बरेच दिसतात, त्यामुळे डोळ्यांना धाव दिसते आणि तक्त्यात ती भलत्याच रकान्यात सापडते.

आणखी एक घोळ क्वार्टरबॅकचा. कॉलेज फुटबॉलमध्ये पास टाकण्याआधीच तो पाडला गेला, तर गमावलेले यार्ड त्याच्या धावांतून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये तसं नाही. रनिंग बॅकच्या खात्याला याचा धक्का लागत नाही, पण संघाच्या एकूण धाव-यार्डांवरून बॅकची कामगिरी ताडायला गेलात तर हिशोब चुकतो.

एका धावेत काय काय घडतं

चेंडू मधल्या खेळाडूच्या पायांमधून मागे येतो, तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. हे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, आज एकेकाचं वजन सव्वाशे-दीडशे किलो. जोडीला बहुधा एक टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि कधी झेलही घेणारा. ओक्लाहोमा स्टेट ज्या आय फॉर्मेशनमधून खेळायचं त्यात क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक आणि त्याच्याही मागे रेषेपासून साधारण सात यार्डांवर टेलबॅक, म्हणजे आपला रनिंग बॅक.

आता मोजा. अडवणारे पाच, अधिक टाइट एंड सहा, अधिक फुलबॅक सात. समोर रेषेजवळ बचावाचे सात जण असतील तर प्रत्येकाला एक अडवणारा मिळतो. बचावाने सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा असणारा बचावपटू, पुढे आणून आठवा माणूस उभा केला, तर तो मोकळा राहतो, आणि त्याला चुकवायची जबाबदारी चेंडू हातात असलेल्याची. चांगला आणि थोर यांच्यातला फरक बहुतेक वेळा या आठव्या माणसापाशीच दिसतो.

चेंडू हातात घेणं दिसतं सोपं, चुकतं वरचेवर. क्वार्टरबॅक बॅकच्या ज्या बाजूला असतो, त्या बाजूचा कोपर छातीच्या उंचीला वर उचललेला आणि दुसरा हात पोटाशी, तळवा वर. या दोहोंमधल्या खिशात क्वार्टरबॅक चेंडू दाबतो आणि बॅक दोन्ही हात मिटतो. चेंडू ओढून घ्यायचा नाही, त्याकडे बघायचंही नाही. डोळे पुढच्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या असणाऱ्यावर. उलटा कोपर वर असला तर चेंडू कोपरावर आपटून खाली पडतो. बॅक अर्धा सेकंद आधी निघाला तर क्वार्टरबॅकचा हात पोहोचतच नाही. सरावात हीच एक गोष्ट रोज घोटून घेतात ती उगाच नाही.

हातात आल्यावर चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचा तो लांबोडका चेंडू पाच जागी दाबून धरायचा : टोकावर बोटं, मग तळवा, कोपराखालचा हात, दंड आणि बरगड्या. पाचांतली एक जागा सुटली की तिथून मुठीचा ठोसा आत शिरतो. मधल्या गर्दीतून जाताना दोन्ही हात चेंडूवर, मोकळ्यात आल्यावर चेंडू बाहेरच्या हातात, म्हणजे सीमारेषेच्या बाजूला; आतला हात अंगावर येणाऱ्याला ढकलायला मोकळा. नवखे बॅक चेंडू गमावतात ते बहुधा पहिल्या धडकेत नव्हे. एकाने धरून ठेवलेलं असतं, बॅक आणखी एका यार्डासाठी झटत असतो आणि दुसरा येऊन चेंडू उपसतो.

अडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत फट आधीच ठरलेली असते : एका बाजूचे खेळाडू समोरच्याला आतल्या बाजूला दाबतात, पलीकडचा गार्ड मागून धावत येऊन बाहेरच्या बचावपटूला ढकलतो आणि मधल्या दरवाजातून बॅक जातो. दुसरीत सगळे अडवणारे एकाच दिशेला सरकतात, फट कुठे उघडेल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं आणि ती ओळखून एकदाच पाय रोवून वळणं हे बॅकचं काम. दोन्हींत पहिली एक-दोन पावलं आवरून टाकावी लागतात. फटीकडे आधीच सुसाट सुटलात तर लाइनबॅकरला ती कुठे आहे हे तुम्हीच सांगितलं. हुशार बॅक एका फटीच्या तोंडाशी जातो, लाइनबॅकर तिकडे ओढला गेला की शेजारच्या फटीतून निसटतो.

कबड्डीतला चढाईपटू जसा समोरच्याचा पाय कुठे टेकलाय ते बघून अंग वळवतो, तसाच सँडर्स बचावपटूच्या कमरेकडे आणि पायांकडे बघून दिशा बदलायचा. फक्त त्याला मागे परतायचं नव्हतं. पाच फूट आठ इंच उंची आणि सुमारे ९२ किलो वजन, त्यातलं बरंचसं मांड्यांमध्ये. गुरुत्वमध्य खाली असल्याने पूर्ण वेगात असताना तो एका पावलात थांबायचा आणि पुढच्या पावलात आडवा सटकायचा. उंच बॅकला वेग कमी करायला तीन-चार छोटी पावलं लागतात, आणि तेवढ्यात बचावपटू त्याच्या अंगावर येतो. शिवाय धिप्पाड लाइनमनच्या मागे तो दिसायचाच उशिरा.

पण त्याची शैली गिरवायला सांगणारा प्रशिक्षक सापडणं कठीण. फट बंद दिसली की तो मागे फिरून दुसऱ्या बाजूने वाट काढायचा. शंभरात एखाद्याच्या पायांना हे झेपतं, बाकीच्यांचे यार्ड वजा होतात. तो स्वतःही बरेचदा रेषेमागे पाडला गेला. सर्वसाधारण बॅकला शिकवतात ते याच्या उलट : दोन यार्ड मिळताहेत ना, ते घ्या आणि खाली पडा.

धावण्याखेरीज एक काम बाकी राहतं आणि कित्येक गुणी मुलं त्यापायी बाकावर बसतात : पास टाकताना क्वार्टरबॅकचं रक्षण. बचावाने जादा माणूस सोडला तर बॅकने तो ओळखून अडवायचा. नियम साधा आहे, आधी आतला धोका, मग बाहेरचा, कारण आतून येणाऱ्याचा रस्ता सर्वांत जवळचा. हे चुकलं तर नुकसान यार्डांचं नाही, क्वार्टरबॅकच्या बरगड्यांचं.

विचिटा ते स्टिलवॉटर

सँडर्सचा जन्म १६ जुलै १९६८ चा, कॅन्ससमधल्या विचिटाचा. विचिटा नॉर्थ हायस्कूलमध्ये तो बराच काळ बचावात आणि इतर जागांवर खेळला. टेलबॅकची जागा मिळाली ती शेवटच्या वर्षी, हंगाम सुरू झाल्यावर. पुढच्या सात सामन्यांत १,४१७ यार्ड. तोवर मोठ्या विद्यापीठांनी आपापले बॅक निवडून ठेवले होते, वर उंचीचं कारण होतंच. शिष्यवृत्ती देऊ करणाऱ्या मोजक्या ठिकाणांतून त्याने स्टिलवॉटरचं ओक्लाहोमा स्टेट निवडलं. प्रशिक्षक होते पॅट जोन्स.

तिथे त्याच्या पुढे थर्मन थॉमस होता, जो पुढे बफेलो बिल्सकडून खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यामुळे १९८६ मध्ये सँडर्सच्या वाट्याला ७४ धावा आल्या, ३२५ यार्ड. १९८७ मध्ये १११ धावा, ६०३ यार्ड. त्या वर्षी किकऑफ (खेळ सुरू करताना प्रतिस्पर्धी लाथेने पाठवतो तो चेंडू) परतवण्याच्या सरासरीत मात्र तो देशात पहिला होता, दर वेळी ३१.६ यार्ड. हा आकडा तेव्हा फारसा कुणी मनावर घेतला नाही. घ्यायला हवा होता. किकऑफ परतवताना अकरा माणसं तुमच्याकडे पूर्ण वेगाने धावत येत असतात आणि ठरलेली फट अशी नसतेच. तिथे जो टिकतो त्याची नजर पक्की असते.

थॉमस १९८७ नंतर एनएफएलमध्ये गेला आणि जागा मोकळी झाली.

अकरा सामने

मायामी (ओहायो) विरुद्धच्या पहिल्याच सामन्यात पहिलाच किकऑफ सँडर्सने १०० यार्ड परतवून टचडाऊन केला. हे यार्ड धावांत धरत नाहीत. धावांचे त्या दिवशी १७८. तिथून पुढे क्रमाने : टेक्सास ए अँड एम १५७, टल्सा ३०४, कोलोरॅडो १७४, नेब्रास्का १८९, मिसुरी १५४, कॅन्सस स्टेट ३२०, ओक्लाहोमा २१५, कॅन्सस ३१२, आयोवा स्टेट २९३, टेक्सास टेक ३३२.

ही यादी सावकाश पाहण्यासारखी आहे. सर्वांत वाईट दिवस १५४ यार्डांचा, जो बहुतेक बॅकच्या हंगामातला सर्वांत चांगला दिवस ठरेल. पाच सामन्यांत १,००२, नऊ सामन्यांत २,००३. तोपर्यंत नियमित हंगामात दोन हजारांची पायरी ओलांडलेले दोघेच ठळक होते : सदर्न कॅलिफोर्नियाचा मार्कस ॲलन, १९८१ मध्ये २,३४२, आणि नेब्रास्काचा माइक रोझियर, १९८३ मध्ये २,१४८.

चार सामन्यांत तीनशेच्या वर. इथे टीकाकारांचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं : त्यातले दोन सामने कॅन्सस आणि कॅन्सस स्टेटविरुद्धचे. त्या वर्षी कॅन्सस स्टेटने अकराच्या अकरा सामने गमावले आणि कॅन्ससने एकच जिंकला. बरोबर आहे. पण बिग एट परिषदेतल्या, म्हणजे ओक्लाहोमा स्टेट ज्या आठ विद्यापीठांच्या गटात खेळायचं त्यातल्या, दोन बलाढ्य संघांविरुद्ध, नेब्रास्का आणि ओक्लाहोमाविरुद्ध, मिळून ४०४ यार्ड निघाले. ते दोन्ही सामने ओक्लाहोमा स्टेट हरलं, ६३-४२ आणि ३१-२८; हंगामातले पराभव तेवढेच. दुसरीकडे एकतर्फी सामन्यांत शेवटच्या टप्प्यात सँडर्सला बाहेर बसवलं जायचं, म्हणजे दुबळ्या संघांवर तो चारही सत्रं तुटून पडत होता असंही नाही.

साथीदारांचं श्रेय वेगळं काढावं लागतं. क्वार्टरबॅक होता माइक गंडी, जो २००५ पासून दोन दशकं याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होता. बाहेर हार्ट ली डाइक्स हा झेल घेणारा खेळाडू, पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्याच फेरीत उचलला गेलेला. लाइनला ‘वॉर पिग्ज’ असं टोपणनाव होतं. आठव्या माणसाचं गणित आठवा : सेफ्टी पुढे आणला तर डाइक्सकडे लांब पास, मागे ठेवला तर सँडर्ससमोर सातच जण. संघाची सरासरी सामन्याला ४७ गुणांच्या वर गेली ती या कात्रीमुळे.

शेवटचा सामना टोकियोत होता, टेक्सास टेकविरुद्ध. ॲलनचा विक्रम मोडायला ४७ यार्ड हवे होते. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये हाइसमन ट्रॉफीची घोषणा व्हायची होती. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हा मान पत्रकार आणि माजी विजेते मत देऊन ठरवतात, पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. जपानात सकाळ झालेली होती आणि सामना तोंडावर. सँडर्सला कॅमेऱ्यासमोर उभं करायला बरीच मनधरणी करावी लागली. त्याला १,८७८ गुण मिळाले, दुसऱ्या आलेल्या रॉडनी पीटला ९१२. मग मैदानात उतरून ४४ धावा, ३३२ यार्ड, चार टचडाऊन. निकाल ४५-४२. चव्वेचाळीस वेळा चेंडू घेणं म्हणजे काय हे ज्यांनी एकदा तरी पूर्ण वेगात आदळून घेतलंय त्यांनाच कळेल. आज बहुतेक संघ एका बॅकला वीस-पंचवीसच्या वर जाऊ देत नाहीत.

धावा, झेल आणि परतवलेल्या किक मिळून जो आकडा होतो त्याला ऑल-पर्पज यार्ड म्हणतात. सँडर्सचे : धावांचे २,६२८, झेलांचे १०६, पंट परतवण्याचे ९५, किकऑफचे ४२१, एकूण ३,२५०. टचडाऊन धावून ३७, पंट आणि किकऑफवर एकेक, एकूण ३९, म्हणजे २३४ गुण.

हंगामानंतर जानेवारी १९८९ मध्ये कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिने खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल ओक्लाहोमा स्टेटवर कडक कारवाई केली, त्यात हंगामोत्तर सामन्यांवर आणि टीव्ही प्रक्षेपणावर बंदी होती. सँडर्सचं एक वर्ष शिल्लक होतं. एनएफएल तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंना सहसा घेत नसे. त्याला खास परवानगी मिळाली आणि डेट्रॉइट लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. पुढच्या दहा हंगामांत प्रत्येकी हजारावर यार्ड, १९९७ मध्ये २,०५३, एकूण १५,२६९. १९८९ च्या शेवटच्या सामन्यात धाव-यार्डांचा किताब दहा यार्डांवर असताना त्याने परत मैदानात जायला नकार दिला. जुलै १९९९ मध्ये वॉल्टर पेटनच्या सर्वकालीन विक्रमाला १,४५७ यार्ड कमी असताना निवृत्ती जाहीर केली, तीही आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून.

बाऊल सामन्यांचा घोळ

नियमित हंगाम संपल्यावर चांगल्या संघांना एकेक जास्तीचा सामना मिळतो, तो बाऊल सामना. ३० डिसेंबर १९८८ ला सॅन डिएगोतल्या हॉलिडे बाऊलमध्ये ओक्लाहोमा स्टेटने वायोमिंगला ६२-१४ असं धुतलं. सँडर्सचे २९ धावांत २२२ यार्ड आणि पाच टचडाऊन. हे त्याच्या विक्रमात नाहीत. एनसीएए तेव्हा बाऊल सामन्यांचे आकडे हंगामात धरत नसे. धरायला सुरुवात झाली २००२ पासून, पण मागच्या वर्षांच्या नोंदी बदलल्या गेल्या नाहीत.

म्हणून सँडर्सचे दोन आकडे फिरतात. अधिकृत २,६२८, आणि बाऊल धरून १२ सामन्यांत २,८५० यार्ड व धावून ४२ टचडाऊन. गंमत म्हणजे सरासरी दोन्हीकडे ७.६ च. कुठल्याही लेखात हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात सरमिसळ झालेले दिसले तर सावध व्हावं : सामने ११ आणि टचडाऊन ४२ असं काहीतरी लिहिलेलं सापडतंच.

या नियमाचा सर्वांत बोचरा फटका सँडर्सला नाही, रॉन डेनला बसला. विस्कॉन्सिनच्या या बॅकने १९९६ ते १९९९ मध्ये अधिकृत ६,३९७ यार्ड काढले. बाऊल सामने धरले तर ७,१२५. २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने ६,४०५ पर्यंत जाऊन कारकिर्दीचा विक्रम आपल्या नावे केला. तोही एका बाऊल सामन्यात. त्याचे बाऊलचे यार्ड मोजले गेले, डेनचे नाहीत. कागदावर पम्फ्री पहिला आहे, आणि विस्कॉन्सिनच्या माणसाला हे सांगून बघा.

पाठलाग

२,६२८ च्या जवळ पोहोचलेले तिघे, तिघेही १४ सामने खेळलेले. सेंट्रल फ्लोरिडाचा केव्हिन स्मिथ, २००७ : ४५० धावा, २,५६७ यार्ड. विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन, २०१४ : ३४३ धावा, २,५८७ यार्ड. बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी, २०२४ : ३७४ धावा, २,६०१ यार्ड.

यांच्यात गॉर्डनची तुलना सर्वांत बोलकी आहे, कारण धावांची संख्या सँडर्सपेक्षा फक्त एकाने कमी आणि सरासरी ७.५, जवळपास तेवढीच. त्याने नेब्रास्काविरुद्ध एका सामन्यात ४०८ यार्ड काढून विक्रम केला होता. आठवड्याभरात ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने ४२७ काढून तो मोडला. स्मिथच्या आकड्यात दर्जापेक्षा कष्ट जास्त : सरासरी ५.७, पण ४५० धावा शरीराने सोसल्या हेच थोर.

जेंटीचं प्रकरण ताजं. शेवटच्या सामन्याआधी त्याचे २,४९७ झाले होते, म्हणजे विक्रमाला १३२ हवे होते. ३१ डिसेंबर २०२४ च्या फिएस्टा बाऊलमध्ये पेन स्टेटने त्याला ३० धावांत १०४ वर रोखलं. २७ यार्ड कमी पडले. ते मिळाले असते तर वाद पेटलाच असता, कारण तो सामनाच मुळात बाऊल. सँडर्सशी बरोबरीचं माप लावायचं तर त्याला २,८५० गाठायला हवे होते. ‘पण जेंटीच्या वेळी खेळ वेगळा होता’ हे उत्तरही खोटं नाही. २०२३ पासून पहिल्या डाऊननंतर घड्याळ थांबत नाही (सामन्याच्या प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं सोडून), त्यामुळे सामन्यात होणारे डावच कमी झाले. १९८८ मध्ये दर दहा यार्डांनी घड्याळ थांबायचं, आणि सँडर्सचा संघ दहा यार्ड फार वेळा काढायचा.

सँडर्सचे बाकीचे विक्रम याच मार्गाने ढिले झाले, जास्त सामन्यांनी. विस्कॉन्सिनच्या माँटी बॉलने २०११ मध्ये एकूण ३९ टचडाऊनची बरोबरी केली, १४ सामन्यांत. स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मकॅफ्रीने २०१५ मध्ये ऑल-पर्पज यार्ड ३,८६४ वर नेले, तेही १४ सामन्यांत. धावून ३७ टचडाऊन अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. खालच्या श्रेणीत मात्र चाड्रन स्टेटच्या डॅनी वुडहेडने २००६ मध्ये २,७५६ यार्ड काढले होते. ‘कॉलेज फुटबॉलचा विक्रम’ असं मोघम लिहिणाऱ्यांच्या हातून हा माणूस हमखास सुटतो.

पुढे कुणी हा विक्रम मोडायला निघाला, तर ऑक्टोबरच्या शेवटी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, दर सामन्याला किती धावा : पंचवीसच्या खाली असतील तर सरासरी सातच्या वर टिकवावी लागेल, आणि नोव्हेंबरच्या थंडीत, दुखऱ्या घोट्यांवर ती हमखास घसरते. सुरुवातीच्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध निघालेली साठ-सत्तर यार्डांची एक-दोन धाव सरासरी फुगवते. पाच धावांत ३, २, १, ४ आणि ६० असे यार्ड निघाले तर सरासरी १४ दिसते, पण चार वेळा काहीच साधलेलं नसतं. दुसरी गोष्ट, संघ किती सामने खेळणार. २०२४ पासून अंतिम फेरीसाठी १२ संघांची प्लेऑफ आहे, त्यामुळे परिषदेची अंतिम लढत धरून एखादा संघ १६ किंवा १७ सामनेही खेळू शकतो. १४ सामन्यांत २,६२९ करायला दर सामन्याला जवळजवळ १८८ यार्ड लागतात. १६ सामन्यांत १६५ पुरतात. अडचण अशी की इतके सामने खेळणारे संघ श्रीमंत असतात आणि त्यांच्याकडे तीन-तीन चांगले बॅक असतात. कुठलाही प्रशिक्षक जानेवारीसाठी राखून ठेवलेल्या मुलाला सप्टेंबरात तीस वेळा आदळायला पाठवत नाही.

दर सामन्यामागे सँडर्सचे यार्ड होते २३८.९. त्या वेगाने १६ सामने खेळणाऱ्या बॅकचे ३,८०० च्या वर होतील.